खिडकीवरच्या गोधडीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे आणि आज मी भयंकर चिडले आहे. गोधडीने कसले चिडायचे, गुमान पडून राहावे, असे तुम्ही म्हणाल. आजवर मी तेच केले. पण नारीनकडच्या आमच्या डोंगरी गावात सध्या जे गाणे घरोघर वाजते आहे, ते खोटे आहे. मी त्याची साक्षीदार आहे, म्हणून बोलते.

माझ्या पोटात मेंढीची लोकर आहे. पेरीजातच्या आईने ती एका उन्हाळ्यात काठीने झोडून मोकळी केली, वर लाल मखमल शिवली आणि लेकीच्या लग्नात बारा बहिणींसह मला सासरी पाठवले. तिथे पेटीवर आमची चळत लागली. पाहुणे आधी आमची उंची बघत, मग नवरीचे तोंड. माझ्यावरून हात फिरवून बायका वाहवा करत. खोटे कशाला सांगू, मी फुशारून गेले होते.

पण माझे खरे काम सुरू झाले ते पेरीजातने मला खिडकीवर टांगले तेव्हा. तिला गाणी सुचत. नवरा जोल्दोश प्रवाशांची गाडी घेऊन बाहेर पडला की ती कोमुझच्या तीन तारा जुळवी, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवी आणि गाणे भरून घेई. बाहेर गाढव ओरडे, कुत्री भुंकत. तो आवाज अडवायला मी. "सगळ्यांत जाडी तू, म्हणून तुझी निवड," असे ती मला हसून म्हणे.

तिच्या प्रत्येक गाण्यामागे काहीतरी घडलेले असे. भाऊ रशियाला गेला तेव्हा त्याचा घोडा विकला. तो दोनदा दावे तोडून परत आला. त्याचे एक गाणे झाले. एक करपलेल्या दुधाचे होते, ते ऐकून जोल्दोशही हसला. आणि एक सासऱ्यांचे. ते खिंडीतून मेंढरे आणायला गेले, हिमवादळात सापडले आणि परत आलेच नाहीत.

त्यांचे नाव बोरोनबाय. ते जन्मले तेव्हाही वादळ होते, आणि हिमवादळाला आमच्याकडे बोरोनच म्हणतात. आता पंचाईत बघा. आमच्याकडे सून सासऱ्याचे नाव घेत नाही. त्या नावात दडलेला साधा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. वादळाचे गाणे, आणि वादळ म्हणायची चोरी! पेरीजात तीन दिवस एकाच ओळीवर अडून बसली. शेवटी कणीक मळणाऱ्या सासूबाईंनी, उमसुनाय अपांनी, विचारले, "अगं, घोडं अडलंय कुठं?"

"तिथंच, अपा. ते येतं ना... पांढरं."

"मग सरळ नाव कशाला हवं? न विचारता दार ढकलून आत शिरतो, लहानथोर ओळखत नाही. आंधळा पाहुणा म्हण."

ती ओळ सुनेने गायली तेव्हा अपा पिठाच्या हातांनीच डोळे पुसत होत्या. हा शब्द सासूसुनेने मिळून शोधला, मित्रांनो. तो मी माझ्या कानांनी ऐकला.

पुढे राजधानीतल्या रुस्लान नावाच्या माणसाला ही गाणी आवडली. पेरीजात एक दिवस बिश्केकला जाऊन ती त्याला देऊन आली. "थोडी साफसूफ करतो, ताई," एवढेच तो म्हणाला.

मग शेजारच्या बाळाला पाळण्यात घालायचा दिवस आला. पाहुण्यांना बसायला आम्हा गोधड्यांना उसने नेले होते आणि अपा नेमक्या माझ्यावर बसल्या होत्या. कुणीतरी मोबाईलवर गाणे लावले. "अरे, आपली पेरीजात!" सगळे कौतुकाने ऐकू लागले. आणि ती ओळ आली. आंधळा पाहुणा कुठेच नव्हता. पेरीजातच्याच आवाजात खणखणीत 'बोरोन' ऐकू आले!

भलतेसलते ऐकले की आमच्याकडे धरतात तशी बायकांनी गळ्याशी आपापली कॉलर धरली. एक म्हणाली, "शहर बघून आली ना, जीभ सैल झाली." अपा समोरच्या रोटीचा तुकडा न मोडताच उठल्या.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि तू ते गावभर वाजवलंस?"

"अपा, मी नाही हो म्हटलं!"

"मग आवाज काय माझा होता?"

आवाज तर तिचाच होता. अपांनी तिच्याशी बोलणे सोडले आणि तिने गाणे. कोमुझ खुंटीवर गेला. खिडकीवर माझी गरज उरली नाही, तेव्हा जोल्दोशने मला थंडीत गाडीच्या इंजिनावर घातले. मखमलीवर तेलाचे डाग पडले. त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, तो ऐका.

नवव्या दिवशी पेरीजात अपांना हात धरून अंगणात घेऊन आली. घरात फोन नीट लागत नाही, म्हणून गाडीपाशी उभी राहून तिने रुस्लानला सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला आणि आपल्या ओळीत भलते कुणी घातले ते विचारले.

"हो, मीच घातलं की!" तो खुशीत म्हणाला. "आंधळा पाहुणा कुणाला कळणार, ताई? तुमच्याच दुसऱ्या गाण्यांतली सुटी अक्षरं घेऊन यंत्रानं जोडून टाकली. बेमालूम झालंय ना?"

अपांनी सुनेकडे बघितले. मग फोन स्वतःच्या हातात घेतला. "तो शब्द काढ."

"कुठला शब्द, आजी? म्हणून तर दाखवा."

हसत होता मेला! माझ्या तर तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याची स्वतःची आई सासऱ्याचे नाव न घेता म्हातारी झाली असेल, आणि हा एका विधवेला म्हणतो म्हणून दाखवा! अपांचे ओठ हलले. मला वाटले, आता त्या चाळीस वर्षे पाळलेले मोडणार.

"माझ्या सुनेनं जो गायलाच नाही, तो काढ," अपा म्हणाल्या.

मग, आता लाखो लोकांनी ऐकलंय, आता काही होणार नाही, असे म्हणून त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून अपा दुखऱ्या गुडघ्यांनी घरोघर फिरून सांगताहेत की माझी सून तसे बोलली नाही. कुठला शब्द, हे न उच्चारता सांगायचे, म्हणून एकेका दारात त्यांना तासभर लागतो. अपराध कुणाचा, आणि थंडीवाऱ्यात पायपीट कुणाची!

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझे डाग धुवा, असे मी मागत नाही. पण कुणी घरात बसून गायलेल्या गाण्यात एखादा शब्द वेडावाकडा वाटला, तर शहाणपणा करून तो सुधारू नका. आधी त्या घरी जाऊन विचारा. त्या शब्दापाशी कुणीतरी जाणूनबुजून थांबलेले असते.