ताटासमोरची शिस्त

प्रेमाने शिकवलं तर कुठलाही जीव शिकतो, ही मास्तरांची आयुष्यभराची श्रद्धा. स्वतःचा मुलगा सोडून बाकी सगळ्या जिवांनी ती खरी करून दाखवली होती.

मास्तर म्हणजे कुत्र्यांचे मास्तर. आत्ता मात्र ते स्वतःच्या स्वयंपाकघरात, थोरल्या बहिणीसमोर, मान खाली घालून बसले होते.

"काय रे, बाबा जेवत का नाहीत?" ताईने विचारलं. ती वडिलांना महिनाभर आपल्याकडे न्यायला आली होती.

बाबा ताटासमोर ताठ बसले होते. दोन्ही हात मांडीवर, नजर मास्तरांवर.

"जेवा ना बाबा. गार होतंय."

बाबा हलले नाहीत.

"जेवा बाबा," मास्तरही साळसूदपणे म्हणाले. बाबांच्या भुवया किंचित वर गेल्या. हे त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"हल्ली शहाण्यासारखे बसतात हो," मास्तरांची बायको कौतुकाने म्हणाली. "पूर्वी ताट भिरकावायचे. ह्यांनी काय जादू केली, देव जाणे."

जादू कसली! विसरायला लागल्यापासून बाबा कढत घास तसाच तोंडात कोंबत. जीभ भाजे आणि ताट भिंतीवर जाई. मास्तरांनी आवाज चढवला नाही, हात धरला नाही. चुकलं तर काहीच करायचं नाही. बरोबर झालं की त्याच क्षणी कळवायचं. धंद्यातलं निम्मं कसब त्या क्षणात असतं. एकदा बाबांचे हात चुकून मांडीवर टेकले, मास्तरांनी टाळूला जीभ लावून 'टक्' केलं आणि निवलेला घास पुढे केला. सवयीने. शपथेवर, निव्वळ सवयीने. मग थांबणं हळूहळू लांबवत नेलं. सगळ्या घराच्या आधी जेवून उठणारा, जन्मात कुणासाठी न थांबलेला तो माणूस शेजारच्या लॅब्रेडॉरच्या आधी शिकला. आणि मास्तरांना त्याचा अभिमान वाटला होता. हेच आता आठवू नये असं त्यांना वाटत होतं.

"गिळायला त्रास होत असेल. डॉक्टरांना दाखवू या," ताई म्हणाली.

"नको." मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. टक्.

बाबांनी पहिला घास घेतला.

"तू आत्ता आवाज काढलास?"

"दातात अडकलंय काहीतरी."

ताईने ताट स्वतःकडे ओढलं. बाबांचे हात मुकाट्याने मांडीवर गेले. तिने ताट परत सरकवलं.

"आता काढ."

"ताई, अगं..."

"काढ म्हणते ना!"

टक्. बाबा जेवू लागले.

बायको ओट्याकडे वळून धुतलेलीच भांडी धुऊ लागली. ताई आता थोबाडीत देणार, असं मास्तरांना वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"मागच्या खेपेला माझ्याकडे केवढं तोंड भाजून घेतलं होतं," ताई म्हणाली. "कसा काढतात रे तो आवाज?"

कुत्रं परत देताना शेवटचा धडा मालकाचा असतो. एरवी मास्तर तो हसतखेळत घेत. आज त्यांना बहिणीकडे बघवेना.

"जीभ वर टेकव. एवढी मागे नको. आता सोड."

"त्च्."

"ही कीव झाली, ताई."

ताईने पुन्हा केलं. पुन्हा कीवच झाली. बाबा हातातला घास तसाच धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. आता कुणाचं ऐकायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी ताई बाबांना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मास्तर अंगणात एका गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला शिकवत होते. हातात पट्टा होता, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"जमलं रे! जेवले बाबा! ऐक हं."

टक्.

वाटीसमोर बसलेलं कुत्रं खायला लागलं.