बरणीतले दात

शेखरमहाराजांच्या मंडपात काचेची बरणी ठेवली होती आणि ती पाहायला अर्धे जानेफळ गाव लोटले होते. बरणीत समीक्षाच्या पोटातून काढलेली गाठ होती. तिला काळ्या केसांचा झुबका आणि दोन दात.

“म्या काय म्हनलं होतं?” महाराज गरजले. “करनी! कोनं तरी केस अन् दात चारले हिले! निघाले का नाही तेच?”

चारणारी कोण, हेही त्यांनी सांगून टाकले होते : सिंधूताई, समीक्षाची विधवा काकू. आईवेगळ्या समीक्षाला तिनेच घास भरवून वाढवले होते. समीक्षाच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, सिंधूताईला शेतातल्या गोठ्यात हाकलले. समीक्षा मात्र अंगात बळ येताच ती गाठ काढणाऱ्या डॉक्टर महामायांना मंडपात घेऊन आली.

डॉक्टरांनी चिमट्याने एक केस ओढला. त्याबरोबर खालची कातडी ताणली गेली.

“गिळलेला केस मूळ धरतो का, महाराज? खाल्लेलं आतड्यात जातं. ही गाठ बीजांडकोशात होती.”

“मंग मले आधीच कसं समजलं?”

“काहाचं समजलं!” गर्दीतून करिष्मा ओरडली. “मलेही केस अन् दातच सांगतले होते. निघाला मुतखडा!”

“अन् माह्यं अपेंडिक्स!” पूनम म्हणाली. मंडप हसला. प्रत्येक दुखऱ्या पोटाला महाराज एकच वाक्य ऐकवीत. खरे ठरले तेवढेच गाजे.

डॉक्टर पुढे बोलल्या. युरोपातही एके काळी अशा गाठीला पापाचे, सैतानाचे फळ समजत. वैद्यांनी ती कापली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा उलगडले : वाट चुकलेली बीजपेशी स्वतःच त्वचा, केस, दात घडवते. लहान मुलींतही ही गाठ आढळते आणि बहुधा निरुपद्रवी असते. तिच्या ‘टेराटोमा’ या नावात मात्र राक्षसासाठीचा ग्रीक शब्द अजून शिल्लक आहे.

आम्ही मंडपातले सारे गोठ्यावर गेलो.

“काकू, घरी चाल,” समीक्षा म्हणाली. “तुया काहीच दोष नव्हता.”

सिंधूताईने दोन्ही हात पदराखाली लपवले. “पन दात तं निघाले ना, माय? नकळत चारले असतीन म्या. माह्या हातचं खाऊ नको आता.”

डॉक्टरांनी पुन्हा सगळे समजावले. ती “हाव, हाव” म्हणत राहिली. उठली मात्र नाही. भगवंतराव दाराशी उभे राहून रडत होते.

वाचकहो, महाराजांनी तिच्याकडे बोट दाखवले त्याच दिवशी कोणी एवढेच विचारायला हवे होते : “हे आणखी किती जणींना सांगितलंत?” हा प्रश्न विचारायला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. तो वेळेवर विचारा. उशीर झाला, की जिच्यावर आळ आला तिलाच तो खरा वाटू लागतो.