न मोडलेली घडी

मित्रांनो, मी एक जुनी साडी आहे. जुनी म्हटल्यावर विटलेली, ठिगळं लावलेली साडी तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल. पण तसं नाही. मला आजवर एकदाही कुणी नेसलेलं नाही. पलूसकडच्या एका गावात, स्मशानाच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर एक बाभूळ आहे. तिच्या काट्यांत मी अडकून आहे. लांबून मुलांना मी पतंग वाटते. जवळ आल्यावर मात्र ती मागे सरतात.

माझा धागा कापसाचा नाही, गिरणीत तयार झालेला कृत्रिम धागा आहे. रंग मात्र छान होता हो! डाळिंबी, हिरव्या काठाचा. पलूसच्या एका दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी आली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर बाहेर पडले. मला निवडलं असं काही म्हणवत नाही. नवरीचा शालू त्यांनी बोटांनी चाचपून पाहिला, दारात उजेडाला नेऊन पाहिला. मग म्हणाले, "आता देण्याघेण्याच्या दाखवा." तेव्हा गठ्ठा आला आणि त्या गठ्ठ्यात मी होते. कुणी उलगडूनही पाहिलं नाही.

मग माझा प्रवास सुरू झाला. या घरातून त्या घरात, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात. दर वेळी माझ्यावर हळदीकुंकवाचं बोट लागे. जुन्या डागावर नवा डाग पडे. बाई मला ओटीत घेऊन "लय झ्याक हाय" म्हणे आणि घरी जाऊन ट्रंकेत टाके. ट्रंकेत माझ्यासारख्या पुष्कळ असत. आपण मागे कुणाच्या लग्नात भेटलो होतो, हे आम्हांला बरोबर आठवे. माणसं मात्र विसरून जात. एकदा तर जिने मला देऊन टाकलं होतं तिच्याच घरी मी परत आले, आणि तिने मला ओळखलंही नाही.

शेवटी रहिमतपूरच्या धोंडुबाईंकडून मी त्यांच्या थोरल्या बहिणीकडे आले. तिचं नाव शालूबाई. नाव शालूबाई आणि अंगावर कायम सुती लुगडं! दोनच होती तिच्याजवळ. एक अंगावर, एक वाळत. उसाच्या पात्यानं लुगडं फाटलं, की त्याच संध्याकाळी ती सुई-दोरा घेऊन बसे. आज टाका घातला नाही तर उद्या वीतभर फाटेल, असं सुनेला सांगे. धुतलेलं लुगडं उलटं करून सावलीत घाली, म्हणजे रंग उडत नाही. त्या दोन लुगड्यांचा मला फार हेवा वाटे. त्यांना घामाचा वास होता, टाके होते, कुणीतरी त्यांची रोज काळजी घेत होतं.

शालूबाईला मी आवडले होते. सणासुदीला ट्रंक उघडली की ती माझ्यावरून हात फिरवी. एका दिवाळीत तिची सून रेश्मा म्हणाली, "आवं आत्या, नेसा की आज. लय खुलंल तुमास्नी."

शालूबाईने मला जरा वेळ मांडीवर धरलं. मला वाटलं, आज माझी घडी मोडणार. पण ती म्हणाली, "राहू दे गं. कुनाच्या तरी लग्नात द्यायला हुईल." आणि ट्रंकेचं झाकण लागलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पुढच्या थंडीत शालूबाई गेली.

आमच्या भागात बाई गेली की नात्यातल्या बाया नवी साडी आणून तिच्या अंगावर घालतात. हा शेवटचा मान. शालूबाईच्या अंगावर साड्यांवर साड्या पडत गेल्या. तिचा चेहराच तेवढा दिसत होता. साऱ्या माझ्यासारख्याच, कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेतल्या. धोंडुबाईंनीही एक आणली होती. रेश्मा रडत रडत आत गेली आणि मला घेऊन आली. "ही लय आवडायची त्यास्नी," म्हणाली आणि तिने मला घडीसकट सगळ्यांत वर ठेवलं.

सरणावर ठेवताना माणसांनी आम्हांला भराभर ओढून काढलं आणि बाजूला टाकलं. अंगावरच्या जुन्या लुगड्यातच शालूबाई गेली. आम्ही नव्याकोऱ्या साड्या काठावर चिखलात पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मंडळी आली. रेश्माने ढिगातून मला ओळखलं आणि उचललं. पण धोंडुबाई ओरडल्या, "हात लावू नगंस! मसनातलं घरी न्हेत न्हाईत."

रेश्मा मला हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, जित्तेपनी दोन लुगड्यांत काढलं त्यांनी. मेल्यावर एवढ्या साड्या आल्या. एक जरी आदी नेसायला दिली असती, तर?"

रेश्माने मला हळूच खाली ठेवलं. पावसाळ्यात नदी चढली आणि तिने मला या बाभळीवर आणून टाकलं. माझी घडी शेवटी मोडली ती पुरानं. सुती लुगडं असतं तर एव्हाना मातीत मिसळलं असतं. मला तेही जमत नाही.

काल शालूबाईचं वर्षश्राद्ध होतं. नैवेद्य घेऊन रेश्मा आणि धोंडुबाई नदीवर आल्या. रेश्मा सांगत होती, "आत्यांच्या मागं ऱ्हायलेल्या लुगड्याची वाकळ शिवली. आमची लेक राणी तीच पांघरून निजती."

धोंडुबाईंच्या अंगावर नवी साडी होती. पदरावर घडीच्या रेघा अजून तशाच होत्या आणि काठाला हळदीकुंकवाचं बोट होतं. रेश्मा त्या साडीकडे बघते आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "ही अक्काला द्यायला ठिवली हुती गं, दिवाळीला. देऊ देऊ म्हनता ऱ्हायली. आज नेसून आले. म्हनलं, तिला दिसू तरी दे."

मग त्यांनी मान वर केली. माझ्या हिरव्या काठाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

मित्रांनो, दुकानात गेलात तर जे कुणीतरी खरंच अंगावर घालणार आहे तेवढंच घ्या. देण्याघेण्याचा गठ्ठा मागू नका. फाटलं तर शिवा, धुतलं तर सावलीत घाला. आणि आज घरी गेलात की आईची, आजीची ट्रंक उघडायला लावा. तळाशी माझ्यासारखी एखादी असेलच. आजीला म्हणा, ही आज नेस. ती "राहू दे" म्हणेल. रेश्माने एकदा सांगितलं आणि सोडून दिलं. तुम्ही सोडू नका.