विसावी खुर्ची

साऱ्या जगाचा न्याय करणाऱ्या त्या कोर्टात सुताराकडे एकच मोठं काम असे, ते म्हणजे आरोपीची खुर्ची. खटले वर्षानुवर्षं चालत. आरोपीची कंबर दुखली म्हणून तारीख पुढे जाऊ नये, यासाठी ज्याला त्याला त्याच्या मापाची खुर्ची, असा नियमच होता. उजव्या पायाशी बेडी अडकवायची लोखंडी कडी.

अकरा वर्षांत त्याने एकोणीस खुर्च्या केल्या. सगळ्या छोट्या देशांतल्या माणसांच्या. मोठ्या देशांत माणसं जन्मतःच निर्दोष निघतात, असं तो धरून चालला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं कळायला या न्यायाधीशांना इतक्या पदव्या कशाला लागतात, याचं मात्र त्याला नवल वाटे.

मग विसाव्या खुर्चीचा कागद आला. नाव वाचून त्याच्या हातातला रंधा थांबला. बड्या देशाचा सेनापती! त्याच्याच विमानांनी सुताराच्या ताईचं घर पाडलं होतं, आत दाजी आणि सहा वर्षांची भाची असताना. तेव्हापासून ताई त्याच्याकडेच राहत होती.

माप द्यायला सेनापती थोडाच येणार? सुताराने वर्तमानपत्रातले फोटो जमवले. दाराची उंची साधारण ठरलेली असते, तिच्यावरून दारात उभा असलेला माणूस मोजता येतो. बूड जरा ऐसपैस धरलं.

"झाली का रे खुर्ची?" ताई रोज विचारायची.

खुर्ची महिन्यात झाली. आरोपी काही येईना. बड्या देशाने डोळे वटारले आणि वॉरंट फेरविचारासाठी कपाटात जाऊन बसलं. बळी तो कान पिळी.

दोन वर्षांनी सेनापती कोर्टात आला, पण वर्धापनदिनाचा प्रमुख पाहुणा म्हणून. भाषणाचा विषय होता, 'कायद्यापुढे सगळे समान'.

ऐन वेळी व्यवस्थापकबाई धापा टाकत आल्या. "अहो मिस्त्री, साहेब मंचावरच्या खुर्चीत मावत नाहीयेत! दुसरी आहे का?"

"आहे की. नवीकोरी."

नोकरी जाणार हे त्याला कळत होतं. तरी त्याने खुर्ची स्वतः उचलून नेली.

सेनापती बसला आणि खूश झाला. "वा! माझ्यासाठीच केल्यासारखी आहे."

"तुमच्यासाठीच केली, साहेब. तुमच्या खटल्यासाठी. ही कडी बेडीची."

पहिल्या रांगेतले न्यायाधीश आपापले बूट न्याहाळू लागले. मग सेनापती खो खो हसला. ते पाहून न्यायाधीशही हसले.

संध्याकाळी ताई दारातच उभी होती.

"बसला?"

"बसला. चाळीस मिनिटं. मग टाळ्या झाल्या, आणि मला कामावरून काढलं. ही ब्यादही घेऊन जा म्हणाले."

ताईने अंगणातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"माप बरोबर निघालं?"

"तंतोतंत."

"मग आत घे ती. बाहेर लाकूड खराब होतं. लागायची आहे अजून."