उजवाच लाइट पिवळा

माझा नवरा दुर्गेश देवळात गेला की एक चप्पल या दाराशी काढतो अन् दुसरी त्या दाराशी. चोराला जोडी मिळू नये म्हणून. आता अशा माणसाच्या गाडीचा हेडलाइट खराब झाल्यावर घरात काय झालं असेल, बघा.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यानं आमच्या जुन्या गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट प्रेमानंदच्या गॅरेजमध्ये घासून, वर क्लियर कोट मारून घेतले. नव्यासारखे झाले. प्रेमानंदनं बजावलं, "महिन्यातून एकदा वॅक्स लावजा अन् गाडी सावलीत ठेवजा. नागपूरचं ऊन कोनाचं नाही." दुर्गेश दर रविवारी वॅक्स लावायला लागला. गाडी घरी उभी असताना लाइटवर चढवायला जुन्या पँटच्या पायांची झाकणं त्यानं माझ्याकडून शिवून घेतली. तरी मे संपेपर्यंत उजवा लाइट पुन्हा धुरकटला. डावा मात्र लख्ख.

"एकच काहून? कोनी तरी करून राहिलं हे."

झालं! चौकीदार मुद्दाम फिनाइलचं फडकं मारतो. शेजारच्या केयूरच्या पोटात दुखतं. प्रेमानंदनं एकाच लाइटला कोट मारला. संशय सगळ्या कॉलनीभर फिरला, फक्त माझ्यावर आला नव्हता, आणि तो येईल याचीच मला भीती होती.

कारण दुपारी गाडी मी नेत होते. घरी सांगायची, रामदासपेठेत मावशीकडे जाते. तिच्याकडे तळघरात पार्किंग आहे. जायची मात्र इतवारीत, बाबांकडे. माझे बाबा भांड्यांच्या दुकानात बसून भांड्यांवर नावं कोरतात. आता त्यांची नजर अधू झाली, म्हणून लग्नसराईत दुपारची नावं मी कोरून देते. गल्लीत हातगाड्या आणि टेम्पो, त्यामुळे गाडी गल्लीच्या तोंडाशीच, भर उन्हात.

लपवाछपवी कशाला? दोन वर्षांपूर्वी बाबा आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा दुर्गेशची अंगठी सापडेना. त्यानं पाहुण्यांसमोर बाबांची पिशवी जमिनीवर पालथी केली. अंगठी पुढं वॉशिंग मशीनमध्ये निघाली. माफी मागायची सोडून त्यानं मलाच बजावलं, आता तिकडे जायचं नाही. माझं जाणं त्याला कळलं असतं तर ते बंद झालं असतं, अन् बाबांचं कामही.

पण ऊन दोन्ही लाइटवर सारखंच पडत होतं. मग उजवाच का, हे मलाही कळेना.

शेवटी दुर्गेश मला घेऊन प्रेमानंदकडे भांडायला गेला. "चोर हायेस तू," चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. प्रेमानंदचा चेहरा उतरला. बाबांचाही त्या दिवशी असाच उतरला होता. माझ्याच्यानं राहवेना.

"त्याले काही बोलू नका. गाडी मी उन्हात ठेवते. इतवारीत, बाबांकडे."

दुर्गेशनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "बाबांकडेच जाते, की आनखी कोनाकडे? चाल. माझ्या डोळ्यानं पाहतो."

नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी गाडी लावली. मला दुकानात पाठवून तो चहाच्या टपरीआड उभा राहिला. मी नावं कोरायची मशीन हातात घेतली, ताट पुढं ओढलं. बाबा रोजच्यासारखे "पानी आनतो" म्हणून उठले. रोज ते बराच वेळ यायचे नाहीत, मला वाटायचं, कुठं गप्पा मारत बसले असतील. आज मी दारातून पाहत राहिले.

बाबा सरळ गाडीपाशी गेले. डोक्याचा दुपट्टा सोडला, डाव्या लाइटवर नीट पसरला, टोकं बॉनेटच्या फटीत खोचली, आणि तसेच बोडक्यानं उन्हात उभे राहिले.

दुर्गेश पुढं आला. "मामाजी, हे काय करून राहिले?"

बाबा दचकले. "काही नाही, जवाईबुवा. लाइट खराब झाला तर तुम्ही पोरीले बोलता म्हने. दुपट्टा एकच हाय, म्हनून एकच झाकतो." मग त्यांना ती पिशवी आठवली असावी. ते दोन पावलं मागं सरकले. "गाडीत हात नाही घातला मी. पाहून घ्या." त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा केला. चष्म्याचं घर अन् सुपारीची पुडी रस्त्यावर पडली.

मी धावले. नवऱ्याचा असा संताप मला कधीच आला नव्हता. पण तो खाली बसून ती सुपारी वेचत होता. "राहू द्या मामाजी, राहू द्या," एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं, आणि बाबा घाईघाईनं दुसरा खिसा उलटा करत होते.