फियाटला होडीचा लेप

विनोद मयेकरांनी उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढला, आणि निवृत्त होऊन भाट्ये गावातल्या घरी परतले ते वडिलांच्या जुन्या फियाटच्या मागे हात धुऊन लागले. फियाट परसातल्या फणसाखाली वर्षानुवर्षं गंजत उभी होती. पण त्यांची लेक सानिका लहान असताना म्हणाली होती, "लग्नाला मी आजोबांच्या गाडीतून जाणार," आणि बाबांनी कुठल्याशा बंदरातून फोनवर हो म्हटलं होतं. लेकीच्या बारशाला, गॅदरिंगला, दहावीच्या निकालाला, कशालाच हा बाप वेळेवर पोचला नव्हता. पाळता येण्याजोगा हा एकच शब्द उरला होता, आणि तो आता मोडला असता तर त्यांना स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

इंजिन धडधडलं, सीटा शिवून झाल्या, रंगही चढला. राहिला मडगार्डांचा आतला भाग, जिथे चाकं चिखल आणि खारं पाणी उडवतात.

"काका, आतून काळं अंडरकोटिंग मारूया," गॅरेजवाला सर्वेश म्हणाला. "रबरासारखं बसतं. गंज धरत नाही."

"होडीला काय लावतात रे?"

"मुशीचा तेल."

"मग? होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात असते. तुझा रबर किती दिवस टिकणार?"

मयेकरांशी वाद घालण्यापेक्षा समुद्राशी घातलेला बरा, हे सर्वेशला ठाऊक होतं.

मयेकरांनी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचे हात चढवले. हेडलाइटच्या मागे मडगार्डात एक खोबण असते, चिखल साचतो तो तिथेच आणि गंज पोखरतो तोही तिथूनच. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतात, तसा त्यांनी तेलात भिजवलेला कापूस त्या खोबणीत गच्च भरला. काम असं देखणं झालं की ते दिवसभर वाकूनवाकून बघत होते.

"अहो, सगळा घर वासान भरला," विमलाताई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "नवरी न्यायची आहे की बांगडे?"

"सुकला की जाईल वास."

वास गेलाही, माणसांपुरता. मांजरांचं नाक वेगळं. आळीतली मांजरं फियाटभोवती अशी बसू लागली, जशी काही पंगतच मांडली आहे. मयेकर त्यांना हुसकून हुसकून थकले.

लग्न जवळच्या पावस गावात होतं. सकाळी विमलाताई वऱ्हाडाला घेऊन बसने पुढे गेल्या. मागे राहिले मयेकर, नटलेली सानिका आणि हार घातलेली फियाट. मयेकरांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि मडगार्डातून कोवळं 'म्याव' आलं.

इंजिन बंद करून त्यांनी मोबाइलचा उजेड मारला. खोबणीतला कापूस उकरून मऊ केलेल्या जागेत एक मांजरी आडवी पसरली होती, आणि तिच्या पोटाशी डोळे मिटलेली पिल्लं. मयेकरांनी हात घातला. मांजरीने तो ओरबाडून परत पाठवला.

"बाबा, राहू द्या," सानिका म्हणाली. "बाळंतीण आहे ती. हलवायची नाही."

"अगो, मुहूर्त चुकेल. आणि ही गाडी तुझ्यासाठी केली मी."

"चांगलीच केलीत. तिला आवडली बघा."

मयेकर पायरीवर मटकन बसले. इतकी वर्षं जहाजं वेळेवर चालवली आणि लेकीला पावसपर्यंत नेता येत नाही, या विचाराने ते रडायच्या बेतात आले. सानिकाने बापाकडे पाहिलं, पदर खोचला, आणि कोपऱ्यातली स्कूटर स्वतःच बाहेर काढली.

पावसच्या रस्त्याला ती त्यांच्या मागे बसली होती. मुंडावळ्या वाऱ्यावर उडून त्यांच्या कानाला लागत होत्या. लेक असं स्कूटरवर मागे बसल्याचं त्यांना आठवेना, कारण तसं कधी झालंच नव्हतं. तिला शाळेत सोडायचं वय होतं तेव्हा ते समुद्रावर होते. आज ती त्यांच्या खांद्याला घट्ट धरून बसली होती आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

"बाबा, सावकाश चालवा."

"सावकाशच चालवतोय गो. उशीर झालाय."

तिने त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं.

"अजून सावकाश," ती म्हणाली.

मयेकरांनी मूठ सैल केली. खिशात विमलाताईंचा फोन वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला.