अकरा नावं

“पोरी, तुना नवरानी सकायपासून माले तीनदाव रामराम करा. तेले काय व्हयेल शे का?”

आक्काबाईंनी जिन्यात अडवून विचारलं तेव्हा कावेरीच्या एका हातात दुधाची पिशवी होती आणि कडेवर छोटी रुंजी. शेजारच्या आक्काबाई धुळ्याकडच्या. सिल्वासात वीस वर्षं काढली, पण त्यांची अहिराणी काही हलली नव्हती. कावेरी हसली.

“आक्का, मोठ्या माणसाला तीनदा रामराम घातला तर बिघडलं काय? पुण्यच लागतं.”

“पुण्य लागस, खरं शे. पन दर टाइमले तो माले नवीनच भेटना.”

कावेरीने ते हसण्यावारी नेलं. बी.एस्सी. झालेली बाई ती. जिन्यातल्या शंकांना किती किंमत द्यायची हे आपल्याला कळतं, असं तिला तेव्हा वाटायचं.

तिचा नवरा नवनाथ देसले बारा वर्षं सायली रोडवरच्या धाग्याच्या कंपनीच्या क्लबकडून स्टॉपर म्हणून खेळला. गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहायचं आणि वरून येईल तो चेंडू डोक्याने परतवायचा, एवढंच त्याचं काम. लोक त्याला हातोडा म्हणत. सरावात शंभर-शंभर चेंडू कपाळावर घ्यायचा. एकदा भुवई फुटली, टाके पडले, तरी आठव्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा मैदानात. लग्न झालं तेव्हा त्याचा खेळ संपत आला होता. पुढे कंपनीने त्याला स्टोअरमध्ये घेतलं. रुंजी झाली, आणि सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच एके दुपारी तो लेकीला आणायला बालवाडीत गेला आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आला.

“रुंजी कुठंय?” कावेरीने विचारलं.

“म्हणजे? झोपली नाही का ती?”

कावेरी अनवाणीच धावली. पोर बाईंच्या मांडीवर बसून रडत होती. त्या दिवसापासून कावेरीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. डॉक्टरचं नाव काढलं की नवनाथ अंगावर यायचा, “वेडा समजतेस का मला?” आणि खरं सांगायचं तर तिलाही आतून डॉक्टर नकोच होता. कागदावर काही लिहून आलं तर ते कंपनीत पोहोचणार. स्टोअरमधून त्याला आधीच दोन मेमो मिळालेले. गलोंड्याला जायचा माल त्याने भलत्याच गाडीत चढवला होता. तिसरा मेमो म्हणजे घरी बसणं, आणि घरी बसला की हा माणूस हातातून जाणार हे तिला दिसत होतं.

अशात हंगामाच्या मध्यावरच क्लबचा कोच सुरतेला निघून गेला. उदय साहेबांनी नवनाथला बोलावलं. साहेब नाशिकचे, कंपनीचे मॅनेजर, आणि क्लबही तेच बघायचे.

“नवा माणूस मिळेपर्यंत टीम तू सांभाळ. पाच मॅच राहिल्यात. नीट पार पाडल्यास तर कायमचाच घेऊ तुला. स्टोअरमध्ये तुझं मन लागत नाही, दिसतंय मला.”

नवनाथ घरी आला तो ताठ मानेने. किती महिन्यांनी! मैदानावर त्याला सगळं आठवायचं. कोणाचा उजवा पाय चांगला, कोण दमला की चिडतो, वारं कुठून येतंय. नावं मात्र निसटायची. मॅचआधी रेफरीला खेळाडूंची यादी लिहून द्यावी लागते, तिथेच तो अडायचा. मग कावेरीने युक्ती काढली. आदल्या संध्याकाळी कप्तान गौरवला फोन करून ती अकराजण ठरवून घ्यायची, मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहायची आणि सकाळी नवऱ्याच्या खिशात ठेवायची. त्याने नुसतं उतरवायचं. स्वतः रुंजीला घेऊन मैदानाच्या कडेला बसायची. तीन मॅच अशाच निघाल्या. दोन जिंकल्या, एक बरोबरीत सुटली.

“डोकं चालतं हो नवनाथचं!” लोक म्हणायचे. कावेरी मान खाली घालून रुंजीच्या बुटाची नाडी बांधत बसायची.

चौथ्या मॅचच्या आदल्या दिवशी रुंजीला ताप भरला. पट्ट्या ठेवता ठेवता संध्याकाळ सरली, चिठ्ठी राहूनच गेली. सकाळी ती वही शोधायला लागली तर तो बूट चढवत म्हणाला, “अगं, तू पोरीकडे बघ. माझ्या टीमची यादी मला येत नाही होय?”

किती सरळ बोलला. वर्षभरात एवढं सरळ बोलला नव्हता. तिला वाटलं, येत असेलही. मैदानाने माणूस सुधारला असेल. तिने त्याला जाऊ दिलं.

दुपारी ताप उतरला तरी मन मानेना. पोरीला गुंडाळून ती रिक्षाने मैदानावर गेली. मॅच सुरू झालीच नव्हती. रेफरी कागद नाचवत होता.

“भाईसाहब, इन ग्यारह में से एक भी ग्राउंड पर नहीं है! और पाँच नंबर पर तो आपने अपना ही नाम लिखा है!”

“जरा रुको ना,” नवनाथ शांतपणे म्हणाला. “ललितची बस आली नाही अजून. सुरंगीवरून येतो तो. त्याच्याशिवाय कसं सुरू करणार?”

“सर, ललितभाईला रिक्षा पाठवू का?” बेंचवरून स्वप्नील ओरडला आणि पोरं खिदळली.

“ए, गप बस!” गौरवने त्याला दटावलं. तो कावेरीकडे आला. “वहिनी, ही कोण माणसं? आमच्यात कोणीच नाही यांच्यातलं.”

तिने कागद घेतला. सोळा वर्षांपूर्वीचा संघ होता तो. घरी भिंतीवर त्यांचा फोटो होता, म्हणून तिला ओळखता आला. चार नंबरवर ललित वरठा, पाचवर नवनाथ देसले. बँकेच्या फॉर्मवर स्वतःचा पत्ता लिहिताना अडखळणारा माणूस, आणि या अकरा नावांत एक खाडाखोड नव्हती. अक्षर कसं मोत्यासारखं.

उदय साहेब मंडपात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. कावेरीला झाकायला आता काही उरलं नव्हतं. ती नवऱ्याजवळ गेली.

“अहो, ललितभाऊंची बस चुकली. आज त्यांच्या जागी गौरव खेळेल.”

त्याने क्षणभर विचार केला. “बरं. पण त्याला सांग, कॉर्नरच्या वेळी माझ्या डावीकडे थांब म्हणावं.”

गौरवने ते ऐकलं. हसला नाही. “हो सर,” म्हणाला, आणि गुडघ्यावर कागद ठेवून नवी यादी लिहायला बसला.

मॅच कोणी जिंकली हे कावेरीला आजही सांगता येत नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. उंच चेंडू आला की रेषेवर उभ्या उभ्या त्याची मान आपोआप पुढे जायची.

तिसऱ्या दिवशी उदय साहेब स्वतः घरी आले. चहा घेतला, रुंजीची चौकशी केली, मग नवनाथचे दोन्ही हात धरून म्हणाले, “नवा कोच मिळाला रे, वापीचा आहे. तू आता आराम कर.”

“बरं झालं, साहेब,” नवनाथ म्हणाला. “मी काय, तात्पुरताच होतो.”

साहेब उठले ते चष्मा पुसत.

मग कुठे वलसाडचे डॉक्टर झाले. ते बराच वेळ मेंदूच्या स्कॅनची फिल्म बघत राहिले. डोक्याने किती वर्षं खेळला, विचारलं. त्यामुळेच हे झालं असं नक्की सांगता येत नाही, म्हणाले. वाढू नये म्हणून बघू. लवकर आणायला हवं होतं. शेवटचं वाक्य ते हळूच बोलले, पण कावेरीला तेवढंच ऐकू आलं. निघताना त्यांनी विचारलं, “यांच्याबरोबर खेळलेल्यांपैकी आणखी कोणाला असं काही?”

घरी येऊन तिने नवनाथची ती जुन्या संघाची यादी पर्समधून काढली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. बहुतेक ठीक होते. एकजण दुबईत, एकाचं खेरडीला दुकान. सगळे जुन्या आठवणी काढून हसले. फक्त ललितचा नंबर बंद. गोलकीपर अभिजीत म्हणाला, “वहिनी, त्याचं नाव काढू नका. बायको माहेरी गेली. दिवसाढवळ्या झोकांड्या खातो, गावात सगळे म्हणतात पितो म्हणून.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत पिताना?”

अभिजीत म्हणाला, “आम्ही प्यायचो सगळे मॅचनंतर. तो कधी शिवायचा नाही.”

नवनाथला एकटं ठेवून कावेरीला सुरंगीला जाता येत नाही, आणि नवनाथ नि रुंजी दोघांना सांभाळत तिकडे जाणं अजून जमलेलं नाही. अभिजीत जातो म्हणाला, अजून गेलेला नाही. म्हणून तुम्हालाच विचारायचं. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर ललित वरठाचं घर विचारा. गाववाले हसतील, हसू द्या. दारात हाक मारा. लगेच ओ आली नाही तरी फिरू नका. त्याला बाहेर यायला वेळ लागेल. तेवढं थांबा.